हर्नियाचा पट्टा

आमच्या कपाटाच्या खालच्या खणात हर्नियाचा एक पट्टा पडून आहे. पट्टा माझा नाही, आणि मला हर्निया कधी झालेला नाही. तो तेथे कसा आला हे सांगायचे तर एका असत्याची कबुली द्यावी लागते. असत्य तसे किरकोळ. घरोघरी बोलले जाते त्यातलेच. त्यावर निबंध कशाला, असे कोणी विचारल्यास या क्षणी माझ्याजवळ उत्तर नाही. पुढे गेल्यावर कदाचित सापडेल.

गेल्या वर्षी भाद्रपदाच्या प्रारंभी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, माझ्यावर प्रॉस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया म्हणावी तर कोठे चीर नाही, टाका नाही. कमरेखालचा भाग बधिर करून मूत्रमार्गातूनच दुर्बीण आत नेतात; होल्मियम लेसरच्या साहाय्याने ग्रंथीचा वाढलेला भाग, संत्र्याच्या सालीतून गर सोडवावा तसा, आवरणापासून सोडवून मूत्राशयात ढकलतात आणि तेथे त्याचे बारीक तुकडे करून शोषून घेतात. ही पद्धत १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये विकसित झाली. त्याआधीची, विजेच्या तारेने ग्रंथी आतून खरवडण्याची पद्धत आजही सर्वत्र चालते. तरुणपणी ही ग्रंथी अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅम वजनाची असते. माझी ६८ ग्रॅमची झाली होती. साठीला पोहोचलेल्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांची ती वाढलेली असते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. तरीही काढलेला भाग तपासणीला पाठवतात, आणि अहवाल येईपर्यंत घरात कोणी मोठ्याने हसत नाही. अहवाल निर्दोष आला.

रुग्णालयातून तिसऱ्या दिवशी घरी आलो. मूत्राशयाचा स्नायू चार वर्षे अडथळ्याशी झुंजून थकलेला असल्यामुळे नळी आणखी पाच दिवस ठेवण्याचे ठरले होते. ती नळी, तिला जोडलेली पिशवी, पिशवीला खाटेच्या कडेला अडकवणारा आकडा, हा माझा त्या दिवसांतला संसार. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवायची, नळीला पीळ पडू द्यायचा नाही, पिशवी भरण्याआधी रिकामी करायची. दिवसा भरपूर पाणी प्यायचे, कुंथायचे नाही, पाण्याची भरलेली बादली उचलायची नाही, स्कूटरला महिनाभर हात लावायचा नाही. नळी निघाल्यावर मूत्राला धीर उरत नाही. ‘आले’ म्हणेपर्यंत आलेले असते. खोकला आला, शिंक आली, खुर्चीतून उठलो, की थोडी ओल. दहाव्या दिवशी, सगळे निवळले असे वाटत असताना, अचानक लाल धार दिसली आणि माझे पाय गळाले. आतल्या खपल्या सुटताना तसे होते, पाणी वाढवा, असे डॉक्टरांनी फोनवर शांतपणे सांगितले. हेही त्यांनी आधी सांगितलेले होते, मीच विसरलो होतो. आणखी एक गोष्ट त्यांनी आवाज उतरवून सांगितली होती: यापुढे वीर्य बाहेर न येता बहुधा मागे मूत्राशयात जाईल, त्यात धोका काही नाही. एकाहत्तराव्या वर्षी हे ऐकून मला वाईट वाटावे, याचेच मला नवल वाटले.

या सगळ्या काळात पिशवी रिकामी करण्याचे, मोजपात्रातील आकडा वहीत लिहिण्याचे, चादरी बदलण्याचे काम सौ. ने केले. मोठ्यांचे लंगोट आणायला ती गल्लीतल्या मेडिकलमध्ये न जाता दोन चौक पलीकडच्या दुकानात गेली, कारण गल्लीतला मुलगा सर्वांदेखत मोठ्याने विचारतो. तेथल्यानेही विचारलेच. माझा संकोच पाहून एकदा ती म्हणाली, “अहो, दोन बाळंतपणं झाली माझी. तेव्हा कुठली लाज शिल्लक ठेवली होती आम्हाला? तुमच्यावर आत्ता वेळ आली इतकंच.” हे वाक्य ती सहज बोलली. मी मात्र ते विसरू शकलेलो नाही.

आता असत्याकडे येतो. रुग्णालयात जाण्याच्या आदल्या दिवशी मी सौ. ला सांगितले होते, कोणी विचारले तर हर्निया म्हणून सांग. का, हे तिने विचारले नाही. आपल्याकडे ‘हर्निया’ हे बिचारे फार सोशिक दुखणे आहे. त्याच्या नावाखाली किती ऑपरेशने होऊन जातात कोणास ठाऊक. मला वाटले, एक शब्द उच्चारला की काम संपेल. पण असत्याला पोसावे लागते. फोन येत राहिले. डाव्या बाजूचा की उजव्या? जाळी बसवली काय? माझ्या मेव्हण्यांना सौ. ने डावी बाजू सांगितली आणि मी शेजाऱ्यांना उजवी. मग तिने वहीच्या मागच्या पानावर, जेथे मूत्राचे मिलिलिटर लिहिले जात होते त्याच्याच पाठीवर, ‘उजवा’ असे लिहून ठेवले. असत्य मी बोलावे आणि त्याची उस्तवार तिने करावी, अशी विभागणी झाली होती. संसारातल्या इतर पुष्कळ कामांप्रमाणेच.

आणि मग पट्टा आला. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका सद्गृहस्थांना खरोखरच हर्निया झाला होता. ते तत्परतेने आले, अर्धा तास बसले, स्वतःच्या शस्त्रक्रियेची साद्यंत हकीकत त्यांनी सांगितली आणि जाताना प्लॅस्टिकच्या पिशवीतून स्वच्छ धुतलेला पट्टा काढून म्हणाले, “ठेवा. उठता-बसताना फार आधार वाटतो.” त्या क्षणी नळी धोतराआड होती आणि पिशवी चादरीखाली. मी हात जोडून पट्टा घेतला.

मी हयातभर महाविद्यालयात संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर चरकसंहिता हौसेने वाचतो, आणि त्या दिवसांत उशाशी सूत्रस्थानच होते. त्याच्या सातव्या अध्यायात, कोणते वेग अडवू नयेत हे सांगितले आहे. असे तेरा वेग चरकाने गणले आहेत आणि त्यांत पहिले नाव मूत्राचे. तो वेग अडवल्यास काय काय होते, ओटीपोट कसे फुगते, डोके कसे दुखते, हे वाचताना मी माझाच रोगवृत्तान्त वाचत होतो. परंतु तो अध्याय तेथे थांबत नाही. अडवू नयेत असे वेग सांगून झाल्यावर, जे अवश्य अडवावेत असे मनाचे वेगही त्याने सांगितले आहेत: लोभ, शोक, भय, क्रोध, मान, निर्लज्जपणा, मत्सर, अति आसक्ती आणि दुसऱ्याच्या वस्तूची अभिलाषा.

निर्लज्जपणा त्या यादीत आहे हे पाहून मला प्रथम बरे वाटले. म्हणजे मी जे केले ते शास्त्राला धरून झाले. शरीराच्या खाजगी भागाची चर्चा चारचौघांत न करणे ही लज्जा, आणि लज्जा राखणे हे सुसंस्कृताचे लक्षण. आमच्या सकाळच्या फिरायला येणाऱ्या मंडळींत एक वृद्ध आहेत. ते आपल्या कोठ्याचा दैनिक वृत्तान्त भेटेल त्याला सांगतात, पोहे-जलेबीच्या दुकानापुढेही सांगतात. मला त्यांच्यासारखे व्हायचे नव्हते. हा युक्तिवाद दोन-तीन दिवस चांगला टिकला.

तो ढासळला तो एका साध्या आठवणीने. रुग्णालयात माझी नळी आणि तिच्या आसपासची स्वच्छता पाहायला येणारी परिचारिका जेमतेम पंचविशीची होती. पहिल्या तासात मी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी मी तिला तिच्या गावाचे नाव विचारीत होतो. म्हणजे जेथे शरीर खरोखर उघडे पडले होते, तेथे माझी लज्जा एका दिवसात विरघळली. आणि जेथे कोणी काही पाहणार नव्हते, नुसता एक शब्द फोनवरून ऐकणार होते, तेथे ती खडकासारखी उभी राहिली. लज्जा जर शरीराची असेल तर हे उलटे झाले. तेव्हा मी पुन्हा चरकाची यादी काढली. निर्लज्जपणा तिच्यात आहे, हे मी वाचले होते. त्याच्या आधीच ‘भय’ आणि ‘मान’ आहेत, ते मात्र डोळ्यांआड केले होते. मी जिला लाज म्हणत होतो ती लाज नव्हती. तो मान होता, आणि थोडे भयही होते. त्यांनी लाजेचे वस्त्र पांघरले होते, कारण त्या वस्त्राला समाजात आदर आहे.

मान कशाचा? येथे शब्दाचाही थोडा दोष आहे. ग्रीक भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ ‘पुढे उभा राहणारा’ असा निरुपद्रवी आहे. आपल्याकडचा ‘पुरःस्थ ग्रंथी’ हा पारिभाषिक शब्द त्याचेच प्रतिरूप. पण तो कोणी वापरत नाही. रूढ झाला तो ‘पौरुषग्रंथी’. एकदा हे नाव पडल्यावर तिच्यावर इलाज करून घेणे म्हणजे कशात तरी उणे होणे, असे कोणाला वाटले तर नवल नाही. (शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते नाव अगदीच अन्यायाचे आहे असे नाही. पुरुषसंप्रेरकावाचून ही वाढ होत नाही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर या व्याधीवर काही शल्यविशारदांनी वृषणोच्छेदनाचा उपाय केला होता. त्या काळात जन्मलो नाही याबद्दल मी कृतज्ञ आहे.) नाव काहीही असो, ज्या समवयस्कांमध्ये आपण अजून ताठ चालतो अशी माझी समजूत होती, त्यांच्यापुढे मला हा शब्द उच्चारायचा नव्हता.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते तर ते आत्मपरीक्षणाचा एक हलकासा प्रसंग ठरले असते, आणि हा लेख लिहिण्याची गरज नव्हती.

माझे एक स्नेही आहेत. वीज मंडळातून निवृत्त झालेले, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. चाळीस वर्षांचा स्नेह. अनंत चतुर्दशीच्या रात्री ते मला भेटायला आले. इंदूरच्या वाचकांना सांगायला नको की त्या रात्री सारे शहर झांक्या पाहायला रस्त्यावर असते. मीच आग्रह करून सौ. ला शेजारणींबरोबर पाठवले होते. नळी निघून चार-पाच दिवस झाले होते, घरात मी एकटा. दूरवर आखाड्यांचे ढोल वाजत होते. अशा वेळी हे गृहस्थ, ज्यांनी आयुष्यात एकही झांकी चुकवली नव्हती, नऊच्या सुमारास दार वाजवून आत आले. मला आनंद झाला. त्यांनी ही वेळ का निवडली असेल, असा प्रश्न मला पडला नाही.

ते तासभर बसले. तेवढ्या वेळात दोनदा मोरीकडे जाऊन आले. दोन्ही वेळा मी दाराआडून नळाचा आवाज बराच वेळ ऐकला. नळ सोडून वाट पाहण्याची ती युक्ती मी स्वतः चार वर्षे वापरलेली. तरीही मी काही बोललो नाही. ते विचारत होते: “त्रास किती दिवस अंगावर काढलास?” “पहिल्यांदा कोणाकडे गेलास, आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे की थेट मोठ्याकडे?” “रात्री झोप लागते आता?” हर्नियाच्या रोग्याला झोपेबद्दल कोण विचारतो? आणि मी काय उत्तरे दिली, हे लिहिताना लेखणी अडते. शेजाऱ्यांनी सांगितलेली त्यांच्या हर्नियाची सारी हकीकत मी माझी म्हणून सांगितली. उजवी बाजू सांगितली, जाळी सांगितली. पट्टाही दाखवला.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग “सांभाळ स्वतःला” म्हणाले आणि गेले.

दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी त्यांना सर्दी झाली. दुकानातून सर्दीची गोळी आणून त्यांनी दोन वेळा घेतली. त्या गोळ्यांतील काही औषधे नाक मोकळे करतात, पण त्याच वेळी मूत्रमार्गाच्या मुखाशी असलेला स्नायू आवळतात. ज्याचा मार्ग आधीच अरुंद झालेला आहे त्याला तेवढे पुरे होते. मध्यरात्री मूत्र पूर्ण बंद. पहाटे रुग्णालयात नळी घातली तेव्हा सव्वा लिटरहून अधिक मूत्र बाहेर आले. मूत्राशय साधारणपणे अर्धा लिटर धरते. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली दिसली आणि रक्तातील क्रिएटिनीन, जे एकाच्या आसपास असायचे, ते चारच्या पुढे गेले होते. हे एका रात्रीत होत नाही, असे डॉक्टर म्हणाले. कित्येक महिने त्यांचे मूत्राशय कधीच पुरते रिकामे होत नव्हते. भरल्या माठावरून पाणी ओघळावे तसे वरचे थोडे थोडे येत होते. वारंवार होते आहे म्हणजे साफ होते आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. खरे पाहता तेच अडकल्याचे लक्षण होते. हे वाक्य मला ठाऊक होते. माझ्या डॉक्टरांनी मला ते जसेच्या तसे सांगितले होते.

मूत्रपिंडांना उसंत मिळावी म्हणून त्यांना काही आठवडे नळीसह घरी राहावे लागले, मग शस्त्रक्रिया झाली. ती नीट पार पडली. क्रिएटिनीन उतरले, पण दोनच्या खाली येत नाही. जे गेले ते परत येणार नाही, असे आता मानून चालायचे.

तेव्हा प्रश्न असा आहे: मी त्यांचा अपराधी आहे काय?

माझ्या बाजूने बोलता येण्यासारखे पुष्कळ आहे. माझे शरीर माझे आहे. त्याचे वर्तमान कोणाला द्यावे हे ठरवण्याचा अधिकार माझा. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले आहे. शिवाय त्यांना लक्षणे होती, वर्तमानपत्रे ते वाचतात, डॉक्टर गावात शेकड्यांनी आहेत. मी खरे सांगितले असते तर ते दुसऱ्याच दिवशी तपासणीला गेले असते, असे कोण छातीठोकपणे सांगेल? मी स्वतः चार वर्षे गेलो नव्हतो.

यांतला शेवटचा युक्तिवाद मला सर्वांत सोयीचा आहे, आणि म्हणूनच मला त्याचा संशय येतो. मी चार वर्षे का गेलो नाही? रात्री चार-पाचदा उठणे, राजवाड्यापासून घरापर्यंतच्या प्रत्येक स्वच्छतागृहाचा पत्ता पाठ असणे, आपल्या सभेच्या व्याख्यानांना शेवटच्या रांगेत दाराजवळ बसणे (याला कोणी माझा विनय समजले असल्यास आता तो गैरसमज सोडावा), हे सारे सहन करीत मी थांबलो, कारण माझ्या ओळखीच्या एकाही माणसाने ‘मला हे झाले होते आणि आता मी बरा आहे’ असे मला कधी सांगितले नव्हते. माझ्या आधीचे सगळे ‘हर्निया’चे होते.

त्यांत माझे वडीलही होते. १९७९ साली त्यांचे ‘पोटाचे ऑपरेशन’ झाले. तीन आठवडे ते रुग्णालयात होते. मी नोकरीनिमित्त बाहेरगावी होतो, येऊन भेटून गेलो, कधी खोलात विचारले नाही. ते काय होते, हे मला गेल्या वर्षी कळले, तेही सौ. कडून. माझ्या आईने तिला पूर्वीच सांगितले होते. “मग मला कधी बोलली नाहीस?” मी विचारले. “मामंजींचं असलं मी कसं बोलणार? आणि तुम्ही कधी विचारलंत?” म्हणजे या घरात ही माहिती चाळीस वर्षे होती. ती सासूकडून सुनेकडे गेली, पण बापाकडून मुलाकडे आली नाही. ज्यांना हा अवयवच नाही त्यांनी ती जपून ठेवली, आणि ज्यांना तिची गरज होती ते एकमेकांना पट्टे देत राहिले.

म्हणून खाजगीपणाचा हक्क मी नाकारत नाही. पण तो हक्क न सांगण्याचा आहे. ‘थोडे नाजूक प्रकरण होते, आता बरा आहे’ एवढे म्हणून मी थांबू शकलो असतो. त्या रात्री स्नेह्यांना मी तसे म्हटले असते, तरी त्यांच्या प्रश्नांना वाट राहिली असती. मी मौन पाळले नाही, मी वाट बुजवली. धर्मराजाचा रथ भूमीपासून चार बोटे वर चालत असे आणि अश्वत्थाम्याच्या अर्धसत्यानंतर तो खाली टेकला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. माझा रथ कधी अधांतरी नव्हता. पण युधिष्ठिराजवळ निदान युद्ध जिंकण्याचे कारण होते. माझ्याजवळ काय होते?

मर्यादा कोठे ओढावी, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे. आमचे कोठ्याचा वृत्तान्त देणारे वृद्ध आणि मी, आम्ही दोघेही एकाच गोष्टीत चुकतो, असे आता मला वाटते: बोलावे की न बोलावे हे आम्ही स्वतःकडे पाहून ठरवतो. त्यांना बोलल्याने मोकळे वाटते म्हणून ते बोलतात. मला न बोलल्याने ताठ वाटते म्हणून मी बोलत नाही. समोर कोण बसले आहे आणि तो काय शोधतो आहे, हे दोघांच्याही हिशेबात नाही. लग्नाच्या पंगतीत ज्याचे नाव घेणे निर्लज्जपणा ठरेल, तेच अनंत चतुर्दशीच्या रात्री, मोरीतून परतणाऱ्या मित्राला न सांगणे ही कठोरता होते. शब्द तोच. चरकाने निर्लज्जपणा आणि मान हे दोन्ही वेग एकाच यादीत घातले, यात मला आता असंगती दिसत नाही.

मराठीत हे बोलायला जागाच नव्हती, असेही म्हणता येत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. लोक त्यांना नाव घेऊन शरीराचे प्रश्न विचारीत आणि ते उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. खटला ते हरले, दंड झाला, मासिक चालू राहिले. कर्वे यांची सारी मते मला मान्य नाहीत, होण्याचे कारणही नाही. पण त्या माणसाने दंड भरून जे बोलून दाखवले, ते मला फुकट, बंद दाराआड, चाळीस वर्षांच्या मित्रापाशी बोलता आले नाही, ही तुलना मनातून जात नाही.

माघात आम्ही दोघे नेहरू पार्कमधल्या आमच्या नेहमीच्या बाकावर पुन्हा बसू लागलो. पहिल्याच दिवशी मी त्यांना सगळे सांगितले. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “मला तेव्हाच शंका आली होती. तुझ्या खोलीत पाण्याच्या तीन बाटल्या होत्या. हर्नियाला कोण एवढं पाणी पितं?”

“मग विचारलं का नाहीस?”

“तू लपवतो आहेस हे दिसत होतं. म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी भयंकर असणार, असं वाटलं. घाबरलो मी. जाऊ दे. मीही स्पष्ट बोललो नाहीच ना.”

ही त्यांची क्षमा मला स्वीकारता आलेली नाही. दोघेही गप्प राहिले हे खरे. पण त्यांच्याजवळ भय होते आणि माझ्याजवळ माहिती होती. ही दोन गप्प राहणी सारखी नव्हेत. आणि त्यांच्या उत्तरातला जो भाग मला अधिक टोचतो तो वेगळाच आहे. माझे असत्य निष्फळ गेले असे मी समजत होतो. ते पूर्ण सफल झाले होते. हा आजार इतका लाजिरवाणा आहे की जन्माचा मित्रही खोटे बोलतो, हे मी त्यांना न बोलता शिकवले.

त्यानंतर त्या बाकावर मी आणखी दोघांशी बोललो आहे. एकाने विषय बदलला. दुसऱ्याने दोन दिवसांनी, एकटा असताना गाठून, डॉक्टरांचा पत्ता मागितला. व्याख्यानांना आता मी पुढच्या रांगेत बसतो, आणि मागे वळून पाहिले की दाराजवळच्या खुर्च्यांवर कोण कोण आहे हे दिसते. त्या रांगेत मी कधीच एकटा नव्हतो.

पट्टा मात्र अजून परत केलेला नाही. शेजारी दोनदा विचारून गेले, उपयोग झाला का म्हणून. दोन्ही वेळा सौ. ने माझ्याकडे पाहिले आणि मी चहाचा विषय काढला. ते आपल्या सभेचे आजीव सभासद आहेत. हा अंक त्यांच्याही घरी जाईल. तत्पूर्वी एकदा जाऊन यावे, असे सौ. चे म्हणणे आहे.